मागणी कोसळली की विमानाचं तिकीट स्वस्त होतं का? नागपूरहून उडणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनेगाव विमानतळावरून मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, हैदराबादला जाणाऱ्या प्रवाशांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हिशेबाच्या उदाहरणांतले आकडे समजण्यापुरते घेतले आहेत; नियम आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

१. लोक प्रवास करेनासे झाले की विमान कंपन्या भाडं कमी करतात का?

करतात, पण थोडे दिवस आणि ठरावीक तारखांसाठी. मागणी पडल्यावर कंपनीपुढे दोन रस्ते असतात. एक, भाव उतरवून सीट भरायच्या. दोन, उड्डाणंच कमी करायची. पहिला रस्ता ती लगेच धरते, कारण वेळापत्रक एका रात्रीत बदलता येत नाही. काही आठवड्यांत ती दुसऱ्या रस्त्यावर येते. उड्डाणं घटली की उरलेल्या सीटसाठी पुन्हा चढाओढ लागते आणि भाव सावरतो. म्हणून स्वस्त तिकीट हवं असेल तर "लोक कमी झाले का?" एवढंच बघून भागत नाही. "लोक कमी झाले, पण विमानं अजून तेवढीच आहेत का?" हे बघायचं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं तो काळ छोटा असतो.

२. भाडं ठरवतं कोण? सरकारचा काहीच धाक नाही का?

भाडं कंपनीच ठरवते. १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला, तेव्हापासून देशांतर्गत भाडी सरकारी नियंत्रणातून सुटली. कंपन्यांनी आपले भाडेदर जाहीर करायचे आणि त्या चौकटीत राहायचं, एवढं बंधन आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, काही मार्गांवरच्या भाड्यांवर लक्ष ठेवतं. अपवादात्मक परिस्थितीत सरकार थेट मर्यादा घालतं. त्याची दोन उदाहरणं प्रश्न ५ आणि १० मध्ये आहेत.

एका विमानात सगळ्या सीटचा भाव एक नसतो. समजा १८६ सीटचं एअरबस ए३२० आहे. त्या सीटचे कप्पे पाडलेले असतात: पहिल्या २० सीट सगळ्यात स्वस्त, पुढच्या ३० त्याहून थोड्या महाग, असं वर चढत जातं. खालचा कप्पा संपला की वरचा उघडतो. मागणी थंड असेल तर कंपनीची यंत्रणा खालचा कप्पा जास्त दिवस उघडा ठेवते, कधी बंद केलेला पुन्हा उघडते. आपल्याला 'भाव पडला' असं जे दिसतं ते बहुतेक वेळा हेच असतं. जाहीर दरपत्रक तसंच राहतं, फक्त स्वस्त कप्प्यातल्या सीट वाढतात.

३. कॉटन मार्केटमध्ये संध्याकाळी भाजी उरली की भाव पाडतात. मग उडायच्या आदल्या दिवशी रिकामी सीट स्वस्तात का देत नाहीत?

उरलेली भाजी आणि उरलेली सीट, दोन्ही दुसऱ्या दिवशी वाया जातात, हे खरं. पण संध्याकाळी भाजी घेणारा गिऱ्हाईक भाव बघून आलेला असतो. आदल्या दिवशी विमानाचं तिकीट शोधणारा बहुतेक अडलेला असतो: हायकोर्टात तारीख आहे, मुंबईत कुणी आयसीयूत आहे, कंपनीची बैठक लागली आहे. तो ८,००० मागितले तरी देतो. कंपनीला हे माहीत असतं, म्हणून शेवटच्या तीन-चार दिवसांत ती भाव चढाच ठेवते, मग ४० सीट रिकाम्या गेल्या तरी चालतं.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. शेवटच्या दिवशी स्वस्त मिळतं हे एकदा लोकांना कळलं की महिनाभर आधी कुणी बुकिंग करणार नाही. आगाऊ बुकिंगचा पैसा हे कंपनीचं खेळतं भांडवल असतं, ते आटू देणं तिला परवडत नाही. म्हणून मंदीतही स्वस्ताई दिसते ती तीन आठवडे ते तीन महिने पुढच्या तारखांना. उद्याच्या तिकिटावर तिचा फार परिणाम होत नाही.

४. भाव उतरवण्याऐवजी फ्लाइटच का रद्द करतात?

हिशेब करून बघा. विमानाचं भाडेपट्ट्याचं ओझं आणि पगार, विमान उडो न उडो, द्यावेच लागतात. उडलं तर वरून इंधन, उतरण्याचं शुल्क, हवाई मार्गदर्शन शुल्क, जमिनीवरची सेवा हा खर्च येतो. समजा नागपूर–मुंबईच्या एका फेरीला हा वरचा खर्च ४ लाख आहे. सकाळी दोन फ्लाइट आहेत, प्रत्येकीत ७० प्रवासी, सरासरी भाडं ३,५०० रुपये. एका फ्लाइटची कमाई २ लाख ४५ हजार, म्हणजे दोन्ही तोट्यात. आता भाडं २,५०० केलं आणि प्रवासी ७० चे १०० झाले, तरी कमाई अडीच लाखच. भाव हजाराने पाडून पाच हजार जास्त मिळाले.

त्याऐवजी एक फ्लाइट रद्द करून दोन्हीकडचे १४० प्रवासी एकीत बसवले तर कमाई ४ लाख ९० हजार आणि वरचा खर्च ४ लाख. भाडं एका पैशानेही न उतरवता फेरी फायद्यात आली. मंदीत 'तांत्रिक कारणास्तव' किंवा 'वेळापत्रकात बदल' असे मेसेज वाढतात, त्यातल्या बऱ्याच वेळा मागे हाच हिशेब असतो. तुमचा हक्क काय, ते प्रश्न १५ मध्ये.

५. कोरोनात तर कुणी फिरत नव्हतं. तरी तिकिटं मातीमोल का झाली नाहीत?

कारण मागणीइतकाच पुरवठाही कापला गेला, आणि भाव खाली जाऊ नये याची सोय सरकारनेच केली होती. २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत उड्डाणं बंद झाली. २५ मे २०२० ला ती सुरू झाली तेव्हा नेहमीच्या एक तृतीयांश उड्डाणांनाच परवानगी होती. सोबत उड्डाणाच्या वेळेनुसार सात गट पाडून प्रत्येक गटाला किमान आणि कमाल भाडं ठरवून दिलं. एक ते दीड तासाच्या उड्डाणाला किमान ३,००० आणि कमाल ९,००० रुपये, कर वेगळे. ४० टक्के सीट या दोन आकड्यांच्या मध्यापेक्षा कमी भावात विकायच्या होत्या.

कमाल मर्यादा प्रवाशाला लुटलं जाऊ नये म्हणून होती हे सगळ्यांना कळलं. किमान मर्यादेकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मोठ्या, पैसा राखून असलेल्या कंपनीने भाव पाडून कमकुवत कंपन्यांना संपवू नये, हा तिचा हेतू होता. उड्डाणांच्या संख्येवरची मर्यादा १८ ऑक्टोबर २०२१ ला गेली, भाड्याच्या किमान-कमाल मर्यादा ३१ ऑगस्ट २०२२ ला उठल्या. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं तर मार्च २०२० पासून २७ मार्च २०२२ पर्यंत बंद होती. त्या काळात परदेशातून परतणाऱ्यांना मोजक्या विशेष उड्डाणांवर अवलंबून राहावं लागलं आणि तिकिटं महाग पडली. इतिहासातली सगळ्यात मोठी मागणी-घट झाली, तरी स्वस्ताई आली नाही.

६. मग भाव खरंच पडतात ते कोणत्या मंदीत?

मागणी का पडली, यावर सगळं अवलंबून आहे.

खिशामुळे पडली असेल, म्हणजे नोकऱ्या जात आहेत, धंदा मंदावला आहे, तर भाव उतरवून उपयोग होतो. 'पुढच्या वर्षी जाऊ' म्हणणारं कुटुंब ३,००० चं तिकीट दिसलं की आत्ता निघतं. अशा वेळी सेल येतात आणि टिकतात. हंगामामुळे पडली असेल तरी तेच; नागपूरचे थंड आठवडे प्रश्न ७ मध्ये दिले आहेत.

भीतीमुळे पडली असेल तर भाव उतरवून माणूस येत नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला हल्ला झाला. आधी श्रीनगरहून बाहेर पडायला झुंबड उडाली. कंपन्यांनी जादा विमानं सोडली, तारीख बदलण्याचं आणि रद्द करण्याचं शुल्क माफ केलं, आणि भाडी वाढवू नका अशी तंबी सरकारने दिली. त्यानंतर काश्मीरच्या सहली घाऊक रद्द झाल्या. तेव्हा निम्म्या भावात तिकीट ठेवलं असतं तरी नागपूरचं कोणतं कुटुंब लेकरं घेऊन गेलं असतं? भीतीच्या मंदीत कंपनी शुल्क माफ करते, तारीख पुढे ढकलू देते, आणि विमान दुसऱ्या मार्गावर लावते. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत दोन्ही घडलं: भाडी उतरली आणि कंपन्यांनी सुमारे पाचवा हिस्सा उड्डाणं कापली.

आमचा सल्ला: बातमीत 'पर्यटन ठप्प' वाचलं की त्याच ठिकाणचं तिकीट शोधू नका. तिथून काढलेली विमानं कुठे लावली ते शोधा. नव्याने वाढलेल्या फ्लाइटवर सुरुवातीचे आठवडे भाव बरा मिळतो.

७. नागपूरहून कोणत्या काळात स्वस्त मिळतं?

पितृपक्षात लग्नं, खरेद्या, सहली थांबतात. ते दोन आठवडे थंड असतात. जुलै-ऑगस्टमध्ये शाळा सुरू झालेल्या असतात आणि ताडोबा, पेंचसारख्या प्रकल्पांचं कोअर क्षेत्र पावसाळ्यासाठी बंद असतं, त्यामुळे बाहेरचा पर्यटकही कमी येतो. संक्रांतीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत, परीक्षांच्या तोंडावर, कुटुंबं घरीच असतात. या तिन्ही काळात मंगळवार-बुधवार-शनिवारची दुपारची फ्लाइट आधी बघा.

डिसेंबरमधलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन हा नागपूरचा खास अपवाद आहे. मंत्री, अधिकारी, पत्रकार, मोर्चेकरी सगळे येतात. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी मुंबई–नागपूर, शुक्रवारी संध्याकाळी नागपूर–मुंबई या फ्लाइट टाळता आल्या तर टाळा. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच दिवशी तिकीट काढून घ्या.

८. दिवाळीला मुलगी पुण्याहून येते तेव्हा तिकीट भरमसाठ असतं. पण त्याच दिवशी नागपूरहून पुण्याला जायला स्वस्त का?

मागणी एका दिशेने असते. दिवाळीआधी पुणे, मुंबई, बंगळुरूमधली विदर्भातली मुलं घरी येतात, त्यांना घेऊन आलेलं विमान परत जाताना निम्मं रिकामं असतं. भाऊबीजेनंतर हेच उलटं होतं. विमान दोन्ही बाजूंनी न्यावंच लागतं, म्हणून रिकाम्या दिशेला स्वस्त कप्पे उघडे राहतात. ऐन सणात 'मागणी कोसळलेली' फ्लाइट मिळते ती अशी.

याचा उपयोग करता येतो. आईवडिलांना जमत असेल तर यंदा त्यांनीच दिवाळीआधी पुण्याला जावं आणि भाऊबीजेनंतर परतावं. दोन्ही वेळा ते गर्दीच्या उलट दिशेने उडतात. ते जमणार नसेल तर मुलीचं येण्याचं तिकीट अडीच-तीन महिने आधी काढा. त्या आठवड्यात भाव पडण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. पर्याय म्हणून अजनी–पुणे वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून आहे. मुंबईसाठी दुरांतो आणि विदर्भ एक्सप्रेस. पण दुरांतोला फ्लेक्सी फेअर लागतं, तेही सीट भरतील तसं फक्त वरच चढतं.

९. कच्चं तेल स्वस्त झालं तर तिकीट स्वस्त व्हायला हवं ना?

लगेच नाही. विमान इंधनाचा दर तेल कंपन्या दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात. इंधन हा भारतीय कंपन्यांच्या खर्चातला सगळ्यात मोठा भाग असतो. हे इंधन जीएसटीबाहेर आहे, त्यावर राज्यांचा व्हॅट लागतो. तिकिटावर मात्र जीएसटी आहेच, इकॉनॉमीला ५ टक्के. इंधन उतरलं तरी सीट भरत असतील तर कंपनी फरक स्वतःकडे ठेवते. मागणीही पडलेली असेल तरच तो प्रवाशापर्यंत पोचतो.

१०. आणि उलट झालं, विमानंच अचानक कमी झाली, तर सरकार भाव रोखतं का?

रोखू शकतं. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आणि इंडिगोचं नियोजन यांचा मेळ बसला नाही आणि देशभरात हजारो उड्डाणं रद्द झाली. भाव भडकल्यावर ६ डिसेंबरला सरकारने तात्पुरती कमाल मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० साठी १२,०००, १,००० ते १,५०० साठी १५,००० आणि त्यापुढे १८,०००. कर आणि विमानतळ शुल्कं वेगळी. बिझनेस क्लास आणि छोट्या शहरांसाठीच्या सरकारी उडान योजनेतली उड्डाणं यातून वगळली होती. नागपूर देशाच्या मध्यावर असल्यामुळे मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, कोलकाता हे सगळे मार्ग ५०० ते १,००० च्या गटात बसत होते, हैदराबाद त्याखालच्या.

कंपनी कायमची बंद पडते तेव्हा मात्र अशी मर्यादा येत नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली, ३ मे २०२३ ला गो फर्स्ट थांबली. दोन्ही नागपूरहून उडत होत्या. एका मार्गावर एकच कंपनी उरली की मागणी पडली तरी तिला भाव पाडायचं कारण राहत नाही, ती फक्त फेरी कमी करते (प्रश्न ४). अशा वेळी एक थांबा घेऊन जाणारं तिकीटही तपासून बघा. ते कधीकधी थेटपेक्षा स्वस्त निघतं.

११. मी ५,८०० ला काढलं, आठवड्याने ३,९०० दिसतंय. फरक परत मिळेल का?

कंपनी स्वतःहून फरक देत नाही. पण पुढचं क्रमाने तपासा.

बुकिंग करून ४८ तास झाले नसतील, तिकीट थेट कंपनीकडून काढलं असेल आणि उड्डाण ७ दिवसांहून पुढे असेल, तर डीजीसीएच्या नियमानुसार शुल्क न देता रद्द करता येतं. रद्द करा, नवं काढा. क्रम मात्र उलटा ठेवा: आधी नवं तिकीट पक्कं करा, मग जुनं रद्द करा.

ती मुदत गेली असेल तर रद्द करण्याचं शुल्क बघा. ते बेस फेअर (कर आणि शुल्कं सोडून मूळ भाडं) आणि इंधन अधिभाराच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. फरक १,९०० आणि शुल्क ३,००० असेल तर विषय संपला. चार तिकिटं असतील तर हिशेब माणशी करा, कारण शुल्कही माणशीच लागतं.

आणि प्रवासच रद्द झाला असेल तर पैसे गेले म्हणून सोडून देऊ नका. तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असो की सेलमधलं, विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात, अगदी फ्लाइट चुकली तरी. ते मागावे लागतात, आणि बहुतेक लोक मागत नाहीत.

१२. एकट्याचं तिकीट ३,४०० आणि चौघांचं शोधलं तर प्रत्येकी ४,६००. हे काय?

स्वस्त कप्प्यात तीनच सीट उरल्या आहेत. चौघं एकत्र मागितले की यंत्रणा चौघांनाही ज्या कप्प्यात जागा आहे तोच भाव लावते. आधी एक, मग दोन, मग तीन असं शोधून बघा. तीन सीट ३,४०० ला आणि चौथी ४,६०० ला काढली तर ३,६०० रुपये वाचतात. तोटा एवढाच की पीएनआर दोन होतात आणि उड्डाण बदललं तर दोन्ही वेगळे हाताळावे लागतात. सोबत लहान मूल किंवा व्हीलचेअर लागणारे आजीआजोबा असतील तर त्यांना एकटं वेगळ्या पीएनआरवर टाकू नका.

पुन्हा पुन्हा शोधल्यामुळे भाव वाढतो ही समजूतही इथूनच येते. तुम्ही विचार करत असताना दुसऱ्या कुणीतरी शेवटची स्वस्त सीट घेतलेली असते.

१३. सेलची जाहिरात १,२९९ ची, प्रत्यक्षात तसं काही दिसत नाही.

अटी वाचा: बुकिंग कधीपर्यंत, प्रवास कधीपासून, कोणत्या तारखा वगळल्या. सेल मुद्दाम थंड आठवड्यांसाठी असतात आणि दिवाळी, नाताळ, लांब सुट्ट्या वगळलेल्या असतात. प्रत्येक मार्गावर सेलच्या सीट मोजक्या असतात.

१४. एजंटकडे कंपनीच्या साइटपेक्षाही स्वस्त मिळतंय. घ्यावं का?

ते बहुधा 'सिरीज फेअर' असतं. एजंट काही तारखांच्या सीट महिनोन्‌महिने आधी घाऊक उचलतात. मागणी पडली की नुकसान त्यांचं होतं, म्हणून प्रवासाच्या दहा-बारा दिवस आधी ते मिळेल त्या भावात काढून टाकतात. प्रश्न ३ मधली संध्याकाळची स्वस्ताई विमानात कुठे दिसत असेल तर इथे. मात्र हे तिकीट सहसा रद्द होत नाही, नाव आणि तारीख बदलत नाही, आणि पीएनआर उशिरा हातात येतो. प्रवास शंभर टक्के पक्का असेल आणि एजंट ओळखीतला असेल तरच घ्या. पीएनआर मिळताच कंपनीच्या साइटवर स्वतः तपासा.

१५. प्रवासी कमी म्हणून कंपनीनेच फ्लाइट रद्द केली तर?

पर्यायी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड, निवड तुमची. पैसे 'क्रेडिट'मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा, ठेवायचे की परत घ्यायचे हेही तुम्हीच ठरवायचं. कंपनी परस्पर क्रेडिट देऊ शकत नाही. कार्डाने पैसे भरले असतील तर रिफंड ७ दिवसांत मिळायला हवा.

वेळेत कळवलं नसेल तर भरपाईही आहे: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांना ७,५००, त्यापुढे १०,००० रुपये, किंवा बेस फेअर अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. हवामान, सुरक्षा अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई नाही. प्रवासी कमी असणं हे त्यात बसत नाही. आणखी एक गोष्ट: बुकिंगमध्ये तुमचा संपर्क दिलेला नसेल तर भरपाईचा दावा अडतो. एजंट अनेकदा स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. तिकीट हातात आलं की आपला नंबर आणि ईमेल कंपनीकडे नोंदवून घ्या. कंपनी दाद देत नसेल तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

१६. डबघाईला आलेली कंपनी फारच स्वस्त विकतेय. सहा महिने पुढचं तिकीट काढून ठेवू का?

नको. रोख पैशाची निकड असलेली कंपनी लांबच्या तारखांची तिकिटं स्वस्तात विकते, कारण तिला पैसा आज हवा असतो. गो फर्स्टने २ मे २०२३ ला स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं थांबवली. तिकीटधारकांना रिफंडऐवजी दिवाळखोरी प्रक्रियेत दावा दाखल करावा लागला. अशा रांगेत बँकांसारख्या तारण असलेल्या घेणेकऱ्यांचा नंबर आधी लागतो.

तरी घ्यायचंच असेल तर प्रवास दोन-तीन आठवड्यांच्या आतला ठेवा आणि क्रेडिट कार्डाने भरा. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत, मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून उड्डाण रद्द झाल्याचा मेसेज, तिकीट आणि कार्डाचं स्टेटमेंट त्याच आठवड्यात बँकेला द्या. यूपीआयने किंवा एजंटला रोख दिले असतील तर हा रस्ता सहसा उरत नाही.